फ्रान्सच्या खेड्यात काम करून राहायचे असेल तर

प्रश्न असा आहे: पुण्यात फ्रेंचची बी१, म्हणजे रोजचा संवाद जमेल अशी मध्यम पातळी पूर्ण केलेल्या, सव्वीस वर्षांच्या, शाकाहारी असलेल्या आणि एकटीने प्रवास करू इच्छिणाऱ्या एका वाचिकेला येत्या उन्हाळ्यात तीन महिने फ्रान्सच्या ग्रामीण भागात राहायचे आहे. शेतावर रोज काही तास काम करायचे आणि त्या बदल्यात राहण्याची व जेवणाची सोय मिळवायची, असे त्यांच्या मनात आहे. हे जमते का, कायद्यात बसते का आणि यजमान कसा पारखावा, असे त्यांनी विचारले आहे.

फ्रान्सच्या आग्नेयेकडील द्रोम जिल्ह्यात, दी या लहानशा गावाजवळच्या एका शेळ्यांच्या शेतावर मी आधी मदतनीस म्हणून राहिले आणि पुढे बरीच वर्षे तिथे येणाऱ्या मदतनिसांचा पत्रव्यवहार व त्यांची सगळी व्यवस्था पाहिली. त्यामुळे हा व्यवहार मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘जमते’ असेच आहे. मात्र पैसे वाचवण्याची युक्ती म्हणून याकडे पाहिलेत, तर सगळे निर्णय चुकत जातील. एका अनोळखी कुटुंबात, अनोळखी मुलखात, तुमच्या हातात ना पगार ना करार अशा स्थितीत तुम्ही राहणार आहात. म्हणून ज्या दिवशी तिथे राहू नये असे वाटेल, त्या दिवशी कोणाचीही परवानगी न मागता निघता येईल, अशी तजवीज आधी करावी लागते. व्हिसा, पैसा, गावाची निवड आणि यजमानाची निवड या सगळ्यांकडे मी याच एका कसोटीतून पाहते.

आधी व्हिसाचे पाहू, कारण बहुतेकांचे गाडे तिथेच अडते. या विषयावर इंग्रजीत जे मार्गदर्शन सापडते, त्यातले पुष्कळसे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा अशा देशांतील तरुणांनी लिहिलेले असते. त्या देशांशी फ्रान्सचे ‘वर्किंग हॉलिडे’चे करार आहेत, त्यामुळे तिथल्या तरुणांना दीर्घकाळ राहता येते आणि मधूनमधून पगारी कामही करता येते. भारताशी असा करार नाही. दोन्ही देशांमध्ये २०१८ साली स्थलांतरविषयक करार झाला आणि तो २०२१ पासून लागू आहे. पण त्याचा रोख मुख्यतः विद्यार्थी आणि शिकलेल्या व्यावसायिकांकडे आहे, शेतावर हातभार लावत फिरणाऱ्या प्रवाशांकडे नाही. तेव्हा तुमच्या वाट्याला येतो तो साधा अल्पमुदतीचा शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) व्हिसा, ज्यावर कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते आणि ज्यावर नोकरी करण्याचा हक्क मिळत नाही. हे ९० दिवस संपूर्ण शेंगेन क्षेत्राचे मिळून मोजतात. स्पेनमध्ये घालवलेला आठवडा त्यातूनच वजा होतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन ये-जा संगणकात नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. शिक्का पुसट उमटला म्हणून दोन दिवस जास्त राहिलेले कोणाच्या लक्षात आले नाही, असे किस्से ऐकले असतील तर ते विसरून जावे.

व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. त्याशिवाय दररोजच्या खर्चाची ऐपत दाखवावी लागते: हॉटेलचे आरक्षण असेल तर दिवसाला ६५ युरो, आरक्षण नसेल तर १२०, आणि एखाद्या कुटुंबाकडे उतरणार असाल तर ३२.५० युरो. ही शेवटची सवलत मिळण्यासाठी यजमानाला आपल्या गावच्या मेरीत, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन ‘आतेस्तासियों दाकय’ नावाचे, पाहुण्याला घरी उतरवून घेत असल्याचे पत्र काढावे लागते. त्यासाठी यजमानाला ३० युरोंचे सरकारी मुद्रांक तिकीट लावावे लागते आणि घराची व उत्पन्नाची कागदपत्रे दाखवावी लागतात. जो यजमान तुम्हाला अजून भेटलेलाही नाही, तो एवढी खटपट करील का? काही करतात, पुष्कळसे करत नाहीत. आणि जे करतात, त्यांच्याबद्दल माझे मत आपोआपच चांगले होते.

हिशेब मांडला तर ९० दिवसांसाठी घरगुती दराने २,९२५ युरो आणि हॉटेलच्या दराने ५,८५० युरो खात्यावर दिसावे लागतात. म्हणजे ‘फुकट’ राहण्याच्या बेतासाठीसुद्धा तीन महिने स्वतःच्या खर्चाने राहू शकू एवढी रक्कम गाठीशी हवी. हे अन्यायाचे वाटेल, पण मला ही अट उपकारक वाटत आली आहे, कारण खात्यात पैसे असलेली मुलगी वाईट यजमानाकडे अडकून पडत नाही. पहिल्याच खेपेला पूर्ण ९० दिवस मागू नयेत, असेही मी सुचवीन. पाच-सहा आठवड्यांचा, परतीचे तिकीट आणि नोकरीतील रजेचे पत्र जोडलेला अर्ज अधिकाऱ्याला पटण्यासारखा असतो. तो व्हिसा नीट वापरून परत आलात की पुढचे सोपे होते: एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी असा नियम झाला आहे, की मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा मिळू शकतो.

आता ‘कायद्यात बसते का’ या प्रश्नाकडे येते. फ्रान्सचा कामगार कायदा कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा प्रत्यक्षात काय घडते याकडे पाहतो. ठरलेल्या वेळी कामाला लागायचे, मालकाच्या हुकमाप्रमाणे काम करायचे, नाही केले तर बोलणी खायची, आणि त्याच्या मोबदल्यात काहीतरी मिळवायचे, मग ती खोली आणि जेवण का असेना, असा प्रकार असेल तर न्यायालय त्याला नोकरी मानू शकते. नफ्यासाठी चालणाऱ्या धंद्याला स्वयंसेवक ठेवता येत नाहीत. नोंद न केलेल्या मजुरीसाठी मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ४५,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि शेतकऱ्यांची सामाजिक विमा संस्था याची तपासणी करण्यासाठी शेतांवर येते. म्हणून समंजस यजमान मदतनिसाला पगारी माणसाची जागा भरायला बोलावत नाहीत; घरच्यासारखे राहावे, हाताला हात लावावा, शिकावे, आणि कंटाळा आला तर नदीवर जावे, असा तो व्यवहार असतो. शेतीची कामे करत सेंद्रिय शेतकऱ्यांकडे राहण्याची जी ‘वूफ’ नावाची चळवळ आहे, तिची मांडणी याच पायावर झाली आहे.

त्यातून एक सरळ नियम निघतो. द्राक्षांच्या तोडणीला फुकट बोलावणाऱ्याकडे जाऊ नये. तोडणी हे फ्रान्समध्ये पगारी काम आहे. त्यासाठी महिन्याभराचा खास करार असतो, आणि वर्षात असे करार मिळून दोन महिन्यांपेक्षा जास्त करता येत नाहीत. सप्टेंबरच्या ‘द्राक्षोत्सवा’चे आमंत्रण देऊन आठ-आठ तास वाकवून घेणारे लोक आहेत, आणि पाहुण्याच्या पाठीपेक्षा त्यांना मजुरीची बचत प्यारी असते. हेच कॅम्पिंगच्या स्वागतकक्षाला, सुट्टीच्या भाड्याच्या घरांच्या साफसफाईला आणि छताच्या दुरुस्तीला लागू आहे.

दूतावासाला काय सांगावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. खोटे सांगू नये, आणि ‘काम करायला चालले आहे’ असेही लिहू नये, कारण ज्या व्हिसावर काम करता येत नाही त्याच्या अर्जात ते लिहिणे म्हणजे नकाराला आमंत्रण देणे होय. माझ्या मते उत्तर शब्दांत शोधू नये. बेतच असा आखावा की खरे सांगायला अडचण पडू नये. प्रवास स्वतःच्या पैशांवर करावा, त्यात लियाँ, ग्रनोब्ल किंवा तुम्हाला आवडतील ती शहरे असावीत, आणि मधले दोन-तीन आठवडे एका सेंद्रिय शेतावरच्या कुटुंबाकडे असावेत, ज्यांचे मेरीचे पत्र जोडलेले आहे आणि ज्यांच्या दिनक्रमात तुम्ही सहभागी होणार आहात असे तुम्ही साध्या शब्दांत लिहिले आहे. अधिकाऱ्याला हे काम वाटले, तर तो अर्ज नाकारू शकतो. ती जोखीम उरतेच.

ती नको असेल, तर अधिक स्वच्छ रस्ते आहेत. जुने किल्ले, चर्चे आणि दगडी पूल यांची डागडुजी करणाऱ्या संस्थांच्या उन्हाळी शिबिरांत स्वयंसेवक घेतले जातात. ‘रांपार’ हा अशा संस्थांचा संघ १९६६ पासून आहे. तिथे संस्था नफ्यासाठी नसते, विम्याची सोय असते, निमंत्रणपत्र मिळते, आणि उलट तुम्हालाच दिवसाला थोडे युरो भरावे लागतात. दगडावर दगड रचायला शिकायचे असेल, तर शेतापेक्षा हे बरे. फ्रान्समध्ये शिकायला गेलेल्या मुलामुलींची गोष्ट निराळी आहे: विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास पगारी काम करण्याचा हक्क असतो, तेव्हा ग्रनोब्लमध्ये एम.एस. करणाऱ्या आपल्या मुलांनी उन्हाळ्यात जर्दाळू फुकट तोडण्याचे काहीच कारण नाही; करार मागावा. १८ ते ३० वयाच्यांसाठी ‘ओ पेअर’ हा दीर्घमुदतीचा व्हिसाही आहे, ज्यात आठवड्याला २५ तासांपर्यंत मुले सांभाळून घरात राहता येते. मात्र अशी कुटुंबे बहुधा शहरांत आणि उपनगरांत असतात.

यजमान शोधण्याच्या मुख्य जागा तीन आहेत. ‘वूफ’ची सुरुवात १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड या लंडनच्या सेक्रेटरी बाईंनी केली. शनिवार-रविवार शेतावर राबायचे आणि मोकळी हवा खायची, एवढीच मूळची कल्पना होती. फ्रान्सची स्वतंत्र संघटना २००७ साली निघाली. तिथे फक्त सेंद्रिय किंवा त्या दिशेने जाणारी शेते असतात. ‘वर्कअवे’ आणि ‘हेल्पएक्स’ या संकेतस्थळांवर सगळेच सापडते: शेत, घोड्यांचा तबेला, योगकेंद्र, अर्धवट बांधलेले घर. दोर्दोन्य आणि लिमुझँ या भागांत ब्रिटिश कुटुंबांनी जुनी दगडी घरे घेऊन ती सावकाश दुरुस्त करण्याचा सपाटा लावला आहे, आणि या संकेतस्थळांवरचे तिकडचे बरेच यजमान तेच असतात. माणसे चांगली असतात, पण दिवसभर इंग्रजी बोलतात आणि हातात रंगाचा ब्रश देतात. तुम्ही बी१पर्यंत जाऊन फ्रेंच शिकला आहात ते त्यासाठी नव्हे. माझे पहिले पसंतीचे प्रदेश द्रोम, आर्देश, सेव्हेन आणि आरिएज हे आहेत; तिथे लहान शेते पुष्कळ आहेत आणि माणसे बोलकी आहेत.

दक्षिण फ्रान्समधल्या लारझाकच्या पठाराचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९७१ साली तिथल्या लष्करी तळाचा विस्तार करण्याचे सरकारने जाहीर केले, तेव्हा १०३ शेतकऱ्यांनी जमिनी विकायला नकार दिला आणि दहा वर्षे अहिंसक लढा दिला. गांधीजींना वर्ध्याला येऊन भेटलेले आणि त्यांच्याकडून ‘शांतिदास’ हे नाव घेऊन परतलेले लांझा देल वास्तो यांनी १९७२ साली तिथल्या ला काव्हालरी गावी पंधरा दिवसांचे उपोषण केले आणि या लढ्याला अहिंसेचे वळण लागले. ला ब्लाकिएर येथला मेंढ्यांचा मोठा दगडी गोठा परवान्याशिवाय, देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी उभारला. १९८१ मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर विस्तार रद्द झाला. त्या भागातल्या वयस्कर यजमानांकडे गेलात आणि तुम्ही महाराष्ट्रातल्या आहात हे कळले, तर वर्धा कुठे आहे हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. जेवणाच्या टेबलावर तो प्रश्न येतोच.

यजमानाची माहिती वाचताना मी आधी तास पाहते. रोज चार ते सहा तास आणि आठवड्याला दोन दिवस सुट्टी, म्हणजे साधारण पंचवीस तास, हे सर्वमान्य प्रमाण आहे. फ्रान्सचे किमान वेतन नोव्हेंबर २०२४ मध्ये तासाला ११.८८ युरो ठरले होते. त्या हिशेबाने पंचवीस तासांचे सुमारे २९७ युरो होतात. खेड्यातली खोली आणि तीन वेळचे जेवण यांची आठवड्याची किंमत त्याच्या आसपास जाते, आणि नवख्या माणसाचे काम अनुभवी माणसाच्या निम्मेही नसते, हे लक्षात घेतले तर सौदा कोणालाच महाग पडत नाही. पण तास चाळीस झाले की तीच रक्कम ४७५ युरो होते, आणि फ्रान्समध्ये पूर्णवेळ नोकरीचाच कायदेशीर आठवडा ३५ तासांचा आहे. ‘आम्ही तास मोजत नाही, एका कुटुंबासारखे राहतो’ असे वाक्य दिसले तर लिहून विचारावे, की सुट्टीचे दिवस कोणते. जो माणूस या प्रश्नाने दुखावतो, त्याच्याकडे जाऊ नये.

नंतर मी अभिप्राय वाचते, आणि तेही उलट्या क्रमाने, म्हणजे सर्वांत कोमट शब्दांतले आधी. मदतनीस मागे राहिलेल्या यजमानाबद्दल उघड वाईट लिहीत नाहीत; ‘कष्टाची सवय असलेल्यांसाठी उत्तम’ किंवा ‘यजमान फार कामात असतात’ असे लिहितात, आणि त्याचा अर्थ तुम्ही घ्यायचा तो घ्यावा. एका वेळी पाच-सहा मदतनीस असतील, तर ते शेत त्यांच्याच जिवावर चालते आहे असे समजावे. एकट्या पुरुषाच्या घरी पहिल्या खेपेला जाऊ नये. त्यात त्याचा अपमान नाही, तुमची सोय आहे. झोपायची जागा घरात आहे की कॅरव्हानमध्ये, दाराला आतून कडी आहे का, मोबाइलला रेंज आहे का, हे विचारायला संकोच करू नये. ओळखपत्राची प्रत मागणे ठीक. पासपोर्ट ठेवून घेणे कोणालाही करू देऊ नये.

आणि स्टेशन किती लांब आहे ते नकाशावर पाहावे. फ्रान्सच्या खेड्यांत बसगाड्या बऱ्याचदा शाळेच्या वेळापत्रकावर चालतात आणि शाळेला सुट्टी लागली की निम्म्या बंद होतात. दीला पॅरिसहून रात्रीची थेट गाडी येते; तिथून सात-आठ किलोमीटरवरच्या शेतावरून वेळ आली तर बॅग पाठीवर टाकून चालतही येता येते. चाळीस किलोमीटर आतल्या दरीतले घर फोटोत कितीही सुंदर दिसो, तिथून निघण्यासाठी यजमानाचीच गाडी लागते. पहिल्या यजमानाशी दहा दिवसांचेच ठरवावे, जमले तर वाढवावे, आणि त्याच भागातल्या दुसऱ्या एकाशी आधीच बोलून ठेवावे.

आता प्रत्यक्ष काम. शेळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वितात आणि हिवाळ्याच्या तोंडावर आटतात, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ धारा असतात. धारा काढणे यंत्राने आणि घरच्या माणसाकडून होते. मदतनिसाकडे येते ते चीज-घरातले धुणे आणि कुरणातली जाळी. आमच्याकडचे पिकोदों हे तळहातापेक्षाही लहान, चपटे चीज असते. ताज्या दुधात आदल्या दिवशीची निवळी आणि रेनेटचे, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विरजणाचे, थोडेसेच थेंब टाकून ते दिवसभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पांढरी, थरथरणारी कवडी, म्हणजे गोठलेले दूध, पळीने उचलून भोकांच्या साच्यांत अलगद भरायची असते. पळी खोल गेली किंवा हात हलला, की कवडी फुटते आणि चीज कोरडे होते. नवख्या माणसाला पहिल्या आठवड्यात पळी मिळत नाही. त्याला मिळतात ते शेकडो साचे, गरम पाणी, ब्रश, रबरी बूट आणि डोक्यावर टोपी. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते मन लावून करणाऱ्याच्या हातात पळी लवकर येते.

कुरणातली विजेची जाळी दर दोन-चार दिवसांनी हलवावी लागते. आधी वीज बंद करायची, खांब एकेक उपटून जाळी हातावर घडी घालत गोळा करायची, आणि नव्या जागी गवत कापलेल्या पट्टीवर उलगडत जायची. घडी चुकली तर गुंता सोडवण्यात तास जातो आणि शेळ्या तोवर शेजाऱ्याच्या मक्यात शिरतात. मेंढ्यांच्या कळपाजवळून जाताना पांढरा, अंगाने दांडगा ‘पातू’ कुत्रा दिसला तर थांबावे, ओरडू नये, पळू नये, आणि लांबून वळसा घालून जावे. तो कळपाची राखण करतो, खेळत नाही. भाजीच्या शेतावर गेलात तर खुरपणी, पेंढ्याचे आच्छादन आणि घेवड्याची तोडणी, एवढ्यात दिवस जातो. मे महिन्यात जाणार असाल तर गरम कपडे न्यावेत: ११ ते १३ मे हे तिकडचे ‘बर्फाचे संत’, आणि ते गेल्याशिवाय जुना शेतकरी टोमॅटोची रोपे उघड्यावर लावत नाही.

यंत्राची करवत, ट्रॅक्टर आणि छतावर चढणे या तिन्हींना नकार द्यावा, कोणी कितीही हसले तरी. तुमच्या प्रवासी विम्यात शारीरिक श्रमांत झालेली इजा वगळलेली असू शकते. विमा घेण्याआधी कंपनीला लेखी विचारावे आणि यजमानाचा नागरी दायित्वाचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा पाहुण्याला लागू आहे का तेही विचारावे. धनुर्वाताची लस घेऊन जावे. गवतात काम केल्यावर रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत आणि मानेवर गोचीड लागली आहे का पाहावे, कारण तिच्यातून लाइम नावाचा आजार होतो. ती चिमट्याने काढावी आणि त्या जागी पुढच्या आठवड्यांत लाल वर्तुळ उमटले तर डॉक्टरकडे जावे. तातडीचा क्रमांक ११२.

शाकाहाराबद्दल तुम्ही स्वतंत्रपणे विचारले आहे. ते आता कठीण राहिलेले नाही, पण पहिल्याच पत्रात सांगावे आणि नेमके सांगावे: मासे नाहीत, डुकराच्या चरबीचे तुकडे नाहीत, मांसाचे पाणी नाही, अंडे चालते किंवा चालत नाही. ‘थोडेसेच आहे, चवीपुरते’ हे उत्तर तुम्हाला ऐकू येईल. चीजच्या बाबतीत एक गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसते: पारंपरिक फ्रेंच चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, आमचे पिकोदोंही त्यातच आले. कोणाला ते चालते, कोणाला नाही. ठरवून जावे, म्हणजे भर टेबलावर ठरवायची वेळ येत नाही. ल प्वीच्या हिरव्या मसूर, छोले, बटाटे, पाव आणि बागेतली भाजी यांवर माणूस उत्तम राहतो. आठवड्यातून एकदा तुम्ही स्वयंपाक करण्याची तयारी दाखवावी. हिंग, हळद आणि गोडा मसाला यांच्या छोट्या पुड्या न्याव्यात. मसूर तिथलीच घेऊन केलेल्या आमटीला आमच्याकडे दुसऱ्यांदा वाढून घेणारे बरेच निघाले, मात्र मिरची निम्म्याहून कमी घालावी.

घरात वावरण्याचे नियम थोडे आहेत पण पक्के आहेत. सकाळी प्रत्येकाला वेगळे ‘बोंझूर’ म्हणावे. सगळ्यांना मिळून एकदा म्हणणे पुरत नाही. दुपारचे जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला, आणि सगळे बसल्याशिवाय काटा उचलायचा नाही. पुष्कळ शेतांवर पाण्याशिवायचे संडास असतात, ज्यात वरून लाकडाचा भुसा टाकतात. आपल्या सवयीसाठी एक तांब्या किंवा बाटली जवळ ठेवावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. रविवारी आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही दुकाने बंद असतात, रोज दुपारी दोन तास तर असतातच. लागणाऱ्या वस्तू शनिवारच्या बाजारात घ्याव्यात.

पत्र कसे लिहावे, हे मात्र सविस्तर सांगते, कारण वर्षानुवर्षे अशी पत्रे वाचण्याचे काम माझ्याकडे होते. ‘मला फ्रेंच संस्कृती फार आवडते आणि मी कष्टाळू आहे’ अशी पत्रे मी दोन ओळींत बाजूला ठेवत असे, कारण ती शंभर शेतांना एकदम पाठवलेली असतात. उत्तर मिळायचे ते अशा पत्रांना: ‘तुमच्याकडे शेळ्या आहेत आणि तुम्ही बुधवारी दीच्या बाजाराला जाता असे वाचले. मी पुण्यात राहते, कार्यालयात बसून काम करते, शेतीचा अनुभव नाही, पण साताऱ्याजवळ आजोळी गोठा होता. मला ८ ते १८ जूनला येता येईल. शाकाहारी आहे. फ्रेंच हळूहळू बोलते. व्हिसासाठी मेरीचे पत्र लागेल, ते तुम्ही काढून द्याल का?’ तारखा, आहार, अनुभवाचा खरा अंदाज आणि व्हिसाची अडचण, चारही गोष्टी दहा ओळींत आल्या. फ्रेंच चुकले तरी चालते. भाषांतराच्या यंत्रातून गुळगुळीत झालेल्या पत्रापेक्षा चुकलेले पत्र मला जास्त विश्वासाचे वाटे, कारण माणूस टेबलावर कसा बोलेल हे त्यातून कळते.

जूनसाठी ही पत्रे जानेवारीत पाठवावीत. फेब्रुवारीच्या मध्यापासून शेळ्या विऊ लागतात आणि महिनाभर कोणी पत्र उघडत नाही. एका वेळी पाच-सहा शेतांनाच, प्रत्येकाला वेगळे लिहावे, आणि उत्तर आले की दूरध्वनीवर किंवा व्हिडिओवर एकदा बोलून घ्यावे. त्या बोलण्यात तुम्ही किती प्रश्न विचारता त्यापेक्षा ते तुम्हाला काही विचारतात का, याकडे लक्ष द्यावे. होकार पक्का झाल्यावर मेरीच्या पत्रासाठी यजमानाला तीन-चार आठवडे द्यावेत आणि ते हातात आल्यावरच, मार्चअखेरीस, व्हिसाच्या अर्जाची वेळ घ्यावी. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबई-पुण्याच्या केंद्रांवर वेळ मिळणे कठीण होत जाते.

मैत्रिणीला बरोबर न्यावे का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. पहिल्या शेतावर न्यायला हरकत नाही. दुसऱ्यावर वेगवेगळे जावे. दोघी एकत्र असाल तर मराठीच बोलाल, आणि यजमानही तुम्हाला एकच माणूस समजून एकच खोली, एकच काम देतील.